कोपरे नसलेलं घर

रेगेबाई उगाच चिडायच्या नाहीत. हे पहिल्याच वाक्यात लिहून टाकते, कारण कलकत्त्याच्या आमच्या मराठी मंडळात त्यांच्याबद्दल एवढंच बोललं जायचं, की बाई विक्षिप्त आहेत, कुणावरही फाडकन चिडतात. साफ खोटं. मी त्यांच्या वरच्या मजल्यावर सहा वर्षं राहिले. त्यांच्या प्रत्येक रागाला कारण असायचं, आणि ते कारण बहुतेक वेळा आम्हा बदलीवाल्यांपैकीच कुणीतरी असायचं. एकदा तर मीच होते. त्या एकदाबद्दलच लिहायला बसले आहे.

निमित्त परवाचं. आमच्या पुण्याच्या सोसायटीत शेजारणीनं कौतुकानं बोलावलं आणि टीव्हीशेजारची काचेची पेटी दाखवली. पेटीत दोन बोटं पाणी, तळाला निळे खडे, आणि एक जमिनीवरचं कासव. पेटीच्या कोपऱ्यात तोंड खुपसून ते काचेवर नखं मारत होतं. "घरात भरभराट होते म्हणतात," शेजारीण म्हणाली, "आणि बघा ना, कसं खेळतंय!" मी चिडले. ऐंशीला टेकलेल्या बाईला शोभणार नाही इतकी चिडले. खेळत नाहीये ते, बाहेर पडायला बघतंय, आणि समोर कोपरा आहे तोवर मरेपर्यंत तेच करत राहणार, असं मी तिच्या पाहुण्यांदेखत ओरडले. घरी आले. मग लक्षात आलं, की ते वाक्य माझं नव्हतंच. रेगेबाईंचं होतं, आणि आवाजही त्यांचाच लागला होता.

भवानीपूरच्या एका गल्लीत त्यांचं दुमजली घर होतं. वडील तरुणपणी मालवणहून खिदिरपूरच्या गोदीत कामाला गेलेले. तिथं जहाजाच्या भागांचे लाकडी साचे बनवायचे. बाई कलकत्त्यातच जन्मल्या, तिथंच शिकल्या, आणि मुलींच्या एका शाळेत भूमिती शिकवायच्या. लग्न केलं नाही. उंच, हाडकुळ्या, कडक खळ दिलेली सुती साडी, खांद्याला कापडी झोळी. झोळीत छत्री, आणि छत्रीच्या खाली वडिलांचा पितळी ओळंबा, भिंत सरळ उभी आहे का ते बघायचा. कुणाच्या घरी गेल्या आणि भिंतीवरची तसबीर तिरकी दिसली, की आधी ती सरळ करायच्या, मग बसायच्या. यजमानीण ओशाळली तरी त्यांना त्याचं काही नसे.

त्यांचं मराठी आपल्यासारखंच, पण मधूनच बंगाली डोकवायचं. "चहा खाणार?" असं विचारायच्या. चिडायला सुरुवात मराठीत करायच्या आणि संपवायच्या बंगालीत. आम्ही बदलीवाले लोक चार जमलो की कलकत्त्याला नावं ठेवायला लागायचो. इथलं पाणी वाईट, इथली गर्दी वाईट, इथले मोर्चे, इथला उकाडा, इथले लोक. बाई तेवढ्यापुरत्या ऐकून घ्यायच्या, मग कपबशी खाली ठेवायच्या. "तीन वर्षांकरता आलात ना? मग पाहुण्यासारखे राहा. माझ्या गावात बसून माझ्या गावाला शिव्या देऊ नका." ह्यावर लोक हसायचे. मला तेव्हाही त्या हसण्याचा राग यायचा, पण मी तो कधी दाखवला नाही, हे प्रामाणिकपणे सांगते.

त्यांचा वरचा मजला एका बदलीवाल्या मराठी कुटुंबाकडून दुसऱ्याकडे जायचा. जाणाऱ्यानं जड सामान मागे ठेवायचं, येणाऱ्यानं ते वापरायचं, अशी रीतच पडून गेली होती. एकोणीसशे सत्तरच्या थोडं आधी ह्यांची बदली झाली आणि आम्ही तिथं गेलो, तेव्हा आधीच्या कुलकर्णीवहिनींनी मला यादी वाचून दाखवली. तांब्याचा बंब एक, मोठं पातेलं एक, कासव एक, पाट सहा. कासव मागच्या गॅलरीत नळाला बांधलेलं होतं. पिवळट पाठ, त्यावर काळे डाग, साधारण जेवणाच्या ताटाएवढं. त्याच्या कवचाच्या कडेला भोक होतं आणि भोकात दोरी. मी त्याला रोज भाताची शितं घालायची आणि आपण भूतदया करतो असं समजायची.

रेगेबाई भाडेकरूच्या घरात सहसा पाऊल ठेवत नसत. पण चौथ्या महिन्यात गॅलरीतून त्यांच्या स्वयंपाकघरात पाणी गळायला लागलं, म्हणून त्या वर आल्या, आणि नळाकडे वाकल्या त्या तशाच राहिल्या.

"ह्याच्या पाठीला भोक कुणी पाडलं?"

"कुलकर्ण्यांच्या आधी रेल्वेतले कुणी होते ना, त्यांनी," मी म्हटलं. "त्यांनीच साल वृक्षांच्या जंगलातून आणलं होतं म्हणे."

"आणि दोरी?"

मी नळ घट्ट पिळायला लागले.

"दोरी कुणाची, विचारते आहे मी."

"दोरी आमची. जुनी कुजली होती म्हणून नवी आणली."

"नवी आणली!" बाई ओरडल्या. "तुझ्या नखाला भोक पाडते आणि त्यात नवी सुतळी ओवते, चालेल तुला? कवच म्हणजे काय पत्र्याचा डबा वाटला? जिवंत हाड आहे ते! तीन घरं झाली, तीन घरांत शिकलेली माणसं, आणि एकाच्या डोक्यात आलं नाही?" मग माझी भाजी चिरायची विळी उचलून त्यांनी दोरी कापली, कासव छातीशी धरलं आणि जिना उतरून गेल्या. गळणारं पाणी तसंच गळत राहिलं. संध्याकाळी ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, बरं झालं, बदलीच्या वेळी एक नग कमी. मला तेव्हा ते पटलं होतं. आज लिहितानाही स्वतःची लाज वाटते.

पुढचे अकरा दिवस रेगेबाईंनी काहीच बांधलं नाही. शाळेतून आल्या की मागच्या अंगणात वेताच्या मोढ्यावर बसायच्या आणि कासव कुठून कुठं जातं ते वहीत काढायच्या. अंगण म्हणजे घरामागची मोकळी जागा, एक पेरूचं झाड, दोन जास्वंदी आणि एक कण्हेर. कासव उन्हं आल्यावर निघायचं, भिंतीकडेनं चालत जायचं, आणि कोपरा आला की अडकायचं. पाय भिंतीवर टाकून वर चढू बघायचं आणि उलटं पडायचं. उलटं पडलं की त्याला स्वतःहून सुलटं होता येत नसे. अकरा दिवसांत नऊ वेळा पडलं, आणि नऊही वेळा कोपऱ्यात. ठरल्या वेळी निघणार, ठरल्या जागी बसणार, कुणी घाई केली तर मान आत घेणार, म्हणून बाईंनी त्याचं नाव बडोबाबू ठेवलं. तिकडे ऑफिसातल्या हेडक्लार्कला बडोबाबू म्हणतात.

बाराव्या दिवशी त्यांनी मला खाली बोलावलं. जमिनीत दोन खुंट्या ठोकल्या, दोन्ही खुंट्यांना मिळून एक सैल दोरी बांधली आणि दोरी काठीनं ताणून धरत जमिनीवर रेघ ओढत निघाल्या. "ही खुंटी घट्ट धर," मला म्हणाल्या, "आणि हलू नकोस. तुमची बदली होईपर्यंत हलू नकोस." रेघ फिरून पुन्हा जिथून निघाली तिथं आली, तेव्हा जमिनीवर एक लांबट अंडं तयार झालं होतं. पेरूचं झाड त्याच्या एका अंगाला. आत कुठंही कोपरा नाही. बडोबाबूनं कितीही फेऱ्या मारल्या तरी अडकायला जागा नाही. त्या दिवशी मला भूमिती पहिल्यांदा समजली. शाळेत मला कुणी अशी शिकवली नव्हती, त्याचाही राग आला.

निताई नावाचा मिस्त्री आला. बाईंनी त्याला पाया हातभर खोल घ्यायला लावला, कारण कासव उकरतं. भिंत गुडघ्याएवढी आणि वरच्या विटा आतल्या बाजूला थोड्या पुढे आलेल्या, म्हणजे चढता येऊ नये. बाई शाळेत गेल्या असताना निताईनं हौसेनं भिंतीत जाळी सोडली, विटेआड एक भोक, नक्षीसारखी. बाई आल्या आणि बघतच राहिल्या.

"दिदिमोनी, देखते भालो लागबे," निताई म्हणाला. दिसायला छान दिसेल.

"के देखबे? कोच्छोप?" कोण बघणार, कासव? असं म्हणून त्यांनी थापीचा दांडा घालून ओली भिंत पाडली. मग मला मराठीत समजावून सांगितलं, पण त्याच पट्टीत. "त्याला पलीकडचं दिसलं की तो तिकडे जायला बघणार. दिवसभर त्या भोकात डोकं घालून बसेल, नाक सोलून घेईल. भिंत आंधळी पाहिजे. जे दिसत नाही त्याच्यापाठी तो लागत नाही, आपल्यासारखा नाहीये तो."

त्या वर्षी गल्लीबोळांत बॉम्ब फुटायचे. भिंतीभिंतींवर घोषणा, मधूनच संचारबंदी. निताई टॉलीगंजच्या पलीकडून यायचा, तो येईनासा झाला. अर्धी भिंत उभी आणि पावसाळा तोंडावर. आमच्या मंडळातले लोक घरात बसून देशाचं काय होणार ह्यावर बोलत होते. बाईंनी पदर खोचला, वडिलांची हत्यारं काढली आणि उरलेली भिंत स्वतः बांधली. पन्नाशी उलटलेली बाई, रस्त्याच्या टोकाला धडाम आवाज झाला की क्षणभर थांबायची, "धुत्!" म्हणायची आणि पुढची वीट लावायची. मी चुना आणि सुरकीचा, म्हणजे विटांच्या भुकटीचा, माल कालवून घमेल्यातून देत होते. माझे हात आठ दिवस सोलपटलेले होते, आणि मला त्याचा फार अभिमान वाटायचा.

मग माती भरून आतली जमीन उंच केली, मधे फुगीर आणि कडेला उतरती, पाणी बाहेर जायला भिंतीत तळाशी मोऱ्या. एका अंगाला कौलांची बुटकी खोली. वर लाकडी चौकटीवर लोखंडी जाळी, कावळ्या-घारींसाठी आणि मुंगसासाठी. चौकटीचं लाकूड खिदिरपूरहून आणलं, जहाजात मालाखाली घालतात त्या फळ्यांचं. आधीच्या भाडेकरणीनं पूजेच्या फुलांसाठी लावलेली कण्हेर बाईंनी मुळासकट उपटली, कारण तिचं एखादं पान पडलं आणि त्यानं खाल्लं तर संपलं. पाण्याला मातीची परात जमिनीत पुरली आणि त्यात फूटपट्टी उभी करून पाणी मोजलं. दीड इंच, त्याच्या वर नाही.

"कासवाला एवढंसंच पाणी?" मी विचारलं.

"पाय बघ त्याचे," बाई म्हणाल्या. "हत्तीच्या पायासारखे आहेत, वल्ह्यासारखे नाहीत. जंगलात चालणारा प्राणी आहे हा, पोहणारा नाही. मानेच्या वर पाणी गेलं की बुडेल. लक्षात ठेव." हे त्यांनी मला पुढे शंभरदा तरी सांगितलं असेल. मी शंभर वेळा मान हलवली.

शेवटचं काम दाराचं. जाळीच्या चौकटीत एक झडप आणि झडपेला वडिलांच्या पद्धतीची लाकडी खिट्टी. आधी वर उचलायची, मग आत ढकलायची, मग डावीकडे. एकही पायरी चुकली तर उघडत नसे. ती फक्त दोघींना उघडता यायची, बाईंना आणि मला. बाई दहाला शाळेत जायच्या, आणि बडोबाबू उन्हं चढल्यावर जेवायचा, म्हणून त्याचं जेवण माझ्याकडे आलं. भोपळ्याची पानं, दूर्वा, जास्वंदीची फुलं, झाडाखाली पडलेले पेरू. भाताची शितं कायमची बंद.

खिट्टी बघून हे म्हणाले, "बाई, कुलूप लावा हो. इथली माणसं कासव खातात. बाजारात विकायला असतं."

तेव्हा मी रेगेबाईंना जेवढं चिडलेलं पाहिलं तेवढं तोवर पाहिलं नव्हतं. "कावळ्यासाठी जाळी लावली," त्या म्हणाल्या, "उकरतो म्हणून पाया घातला, पाण्यासाठी माती भरली. माणसासाठी काही लावणार नाही. ह्या गल्लीत मी जन्मले. इथल्या एका माणसानं कधी माझ्या अंगणातला पेरू न विचारता नेला नाही. आणि वर तुम्ही, तुम्ही तर आपलेच. कुणासाठी लावू कुलूप?" हे कानकोंडे होऊन वर निघून आले.

दुसऱ्या पावसाळ्यात तीन दिवस मुसळधार लागलं आणि गल्लीत कमरेएवढं पाणी भरलं. बाईंच्या स्वयंपाकघरात पाणी, चुलीत पाणी, पलंगाच्या पायांना विटा लावलेल्या. मी वरून ओरडत होते, बाई वर या, वर या. त्या अंगणात छत्री घेऊन, पोटरीभर पाण्यात उभ्या होत्या. आतली माती कोरडी होती. बडोबाबू कौलांखाली निवांत मान काढून बसला होता. "पाणी चार बोटं खाली आहे अजून!" त्या मला वर बघून ओरडल्या, आणि मी त्यांना त्या एकदाच खदखदून हसताना पाहिलं. स्वतःचं घर बुडालेलं, आणि बाई हसत होत्या.

आता दातेवहिनी. ह्यांच्या ऑफिसातले मोठे साहेब म्हणजे दातेसाहेब, ते मंडळाचे अध्यक्ष झाले होते, आणि आमचा पुण्याला परत जाण्याचा अर्ज त्यांच्या टेबलावर होता. माझे वडील पुण्यात अंथरुणाला खिळलेले. ह्यापेक्षा जास्त सबब माझ्याकडे नाही, आणि ती पुरेशी नाही हे मला माहीत आहे. मंडळाचा गणपती बसला की वहिनींची माणसं दूर्वा आणि जास्वंदी न्यायला बाईंच्या अंगणात यायची. बाई मोजून द्यायच्या. "गणपतीला एकवीस पुरतात," असं त्यांनी वहिनींना तोंडावर सांगितलं होतं, "ह्याला रोज पोटभर लागतं. आधी ह्याचं." वहिनी त्यावर गोड हसल्या होत्या. त्या नेहमी गोडच हसायच्या.

अनंत चतुर्दशीला कलकत्त्यात शाळेला सुटी नसते. बाई दहाला गेल्या. अकराच्या सुमाराला दातेवहिनी स्वतः दोन बायकांना घेऊन फुलांसाठी आल्या आणि भिंतीपाशी थबकल्या. त्या गोल भिंतीत, जाळीखाली, बडोबाबू त्याच्या रोजच्या फेरीला निघाला होता.

"अगंबाई, किती वर्षं कोंडलंय गं ह्याला?" वहिनी म्हणाल्या. "विष्णूचा अवतार तो, आणि विटांच्या तुरुंगात! आज बाप्पांबरोबर गंगेत सोडू या. बिचारा सुटेल तरी."

"ते पाण्यातलं नाही हो वहिनी," मी म्हटलं. "रेगेबाई म्हणतात, त्याला पोहता येत नाही."

"कासवाला?" वहिनी हसल्या, आणि बरोबरच्या दोघी हसल्या. "रेगेबाईंचं काय ऐकतेस तू? शाळेच्या बाई त्या, त्यांना सगळ्यांना कोंडून ठेवायची सवय. उघड बघू दार."

त्यांनी स्वतः खिट्टी ओढून पाहिली. उघडली नाही. त्या तिघींना ती संध्याकाळपर्यंत उघडली नसती. मला फक्त उभं राहायचं होतं, बाकी काहीच करायचं नव्हतं. मी पुढे झाले. आधी वर, मग आत, मग डावीकडे.

त्याच्या पाठीवर हळदकुंकू वाहिलं, टोपलीत केळीचं पान घालून त्यावर ठेवलं. बाईंनी एवढ्या रागानं ज्या भोकातली दोरी कापली होती, त्या भोकात वहिनींनी हौसेनं फुलांचा गजरा ओवला. मी बघत होते. मी टोपलीबरोबर घाटापर्यंत गेले. आरती म्हटली. गणपती गेला, आणि मग ह्याला पायरीवरून पुढे सोडलं. भरती होती, पाणी गढूळ. लगेच बुडाला नाही तो. मान उंच करून थोडा वेळ तरंगला आणि चारही पाय एकामागून एक टाकत राहिला, अंगणात चालायचा तसेच, त्याच संथपणानं, जणू पुढे कुठंतरी जमीन लागणारच आहे. सगळे टाळ्या वाजवत होते. "बघ, कसा पोहतोय!" वहिनी मला म्हणाल्या. मग एक होडी आडवी गेली, आणि ती गेल्यावर तिथं काही नव्हतं. मी ओरडायला हवं होतं. त्या घाटावर, दोनशे माणसांसमोर, मी रेगेबाईंसारखं ओरडायला हवं होतं. मी प्रसाद घेतला आणि घरी आले.

चारला बाई आल्या. मी जिन्यात उभी होते. म्हटलं, दातेवहिनी आल्या होत्या, त्यांनी त्याला गंगेत सोडलं. एवढंच बोलले, खिट्टीचं बोलले नाही. बाईंनी झोळी तिथंच टाकली आणि निघाल्या. घाटावर अंधार पडेपर्यंत होडीवाल्यांना विचारत फिरल्या, असं मला मागाहून कळलं. दुसऱ्या दिवशी शाळा बुडवून पुन्हा गेल्या. तिसऱ्या दिवशीही. खालच्या घाटांवर गेल्या, मासळीबाजारात गेल्या, कासवं विकणाऱ्यांच्या टोपल्या उलथ्यापालथ्या करून पाहिल्या. साडी गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेली असायची. तिसऱ्या दिवशी परत येताना त्यांनी एक पितळी कुलूप आणलं आणि रिकाम्या झडपेला लावलं.

कोजागिरीला मंडळ जमलं. बाई वर्गणीदार होत्या, त्यांना कोण अडवणार? सगळ्यांच्या हातात आटीव दुधाचे पेले असताना त्या उठल्या आणि दातेवहिनींसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"तुम्हाला पोहता येतं?"

"नाही हो," वहिनी गोड हसून म्हणाल्या. "का बरं?"

"चला. आत्ता घाटावर जाऊ. मी तुम्हाला गंगेत सोडते. मला पुण्य लागेल."

कुणी हसलं नाही. दातेसाहेब उठून उभे राहिले, अहो बाई, अहो बाई, करायला लागले. बाई त्यांच्याकडे वळल्यासुद्धा नाहीत. "वर्षभर ह्या गावाला शिव्या देता," त्या सगळ्यांना उद्देशून म्हणाल्या, आवाज फाटला होता, "इथली माणसं अशी, इथली माणसं तशी. जाळी नसती तर कावळ्यानं डोळा फोडला असता त्याचा, पण कावळ्यानं आरती तर म्हटली नसती! बारा वाटांनी त्याचं मरण अडवलं होतं मी. तेराव्या वाटेनं माझीच माणसं आली, कुंकू घेऊन!" पुढचं सगळं बंगालीत होतं, आणि तिथल्या निम्म्या लोकांना कळलं नाही. मला कळलं. मी दुधातली चारोळी चमच्यानं बाजूला करत बसले होते.

त्यानंतर त्या मंडळात आल्या नाहीत आणि मंडळाला त्यांची उणीव भासली नाही. विक्षिप्त म्हणून त्यांचे किस्से मात्र रंगवून सांगितले जायचे, आणि सांगणाऱ्या तोंडांवर मला एकेक लगावून द्यावीशी वाटायची. माझ्याशी बाई बोलत. पाणी आलं का, दिवे गेले, भाडं पोचलं. "चहा खाणार?" मात्र पुन्हा कधी विचारलं नाही. रोज सकाळी शाळेत जाण्यापूर्वी अंगणात जायच्या आणि ते कुलूप एकदा ओढून बघायच्या. वर माझ्या स्वयंपाकघरात खडखड ऐकू यायचं. मी दोन वर्षं रोज ती खडखड ऐकली आणि स्वतःला समजावत राहिले, की ती दातेवहिनींसाठी आहे.

पुण्याचा अर्ज दातेसाहेबांनी पुढे पाठवलाच नव्हता. त्यांच्या जागी दुसरे साहेब आले तेव्हा आमची बदली झाली. तोवर माझे वडील गेले होते.

निघायच्या दिवशी वरचा मजला घ्यायला एक नवं जोडपं आलं. मी त्या मुलीला यादी वाचून दाखवली. बंब एक, पातेलं एक, पाट सहा. आम्ही मागच्या गॅलरीत उभ्या होतो. खाली रेगेबाई शाळेला निघण्याच्या तयारीत, झोळी खांद्याला लावून, अंगणात आल्या होत्या.

"ते गोल काय आहे हो खाली?" मुलीनं विचारलं.

"कासवाचं घर."

"आणि कासव?"

बाईंचा हात कुलपावर होता, पण त्यांनी ते ओढलं नाही. पाठमोऱ्या तशाच उभ्या राहिल्या. आणि मला एकदम कळलं, की त्यांना सगळं पहिल्या दिवसापासून माहीत होतं. कळणार नाही कसं? खिट्टी तुटलेली नव्हती. ती खिट्टी उघडता येणारं दुसरं माणूस ह्या जगात एकच होतं. कुलूप दातेवहिनींसाठी नव्हतंच, त्या कशाला पुन्हा येतील? ते माझ्यासाठी होतं, आणि दोन वर्षं रोज सकाळी त्या मला ते वाजवून दाखवत होत्या.

"बुडालं," मी म्हटलं. खाली ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हटलं. "लोकांनी गंगेत नेऊन सोडलं. दार मी उघडून दिलं. त्याला पोहता येत नाही हे मला माहीत होतं."

खाली बाईंनी मान वर केली. चष्म्यावर ऊन होतं, डोळे दिसले नाहीत.

"दोन वर्षं लागली तुला," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी नेहमीसारखं कुलूप ओढून पाहिलं, पक्कं असल्याची खात्री केली, आणि झोळी सावरत शाळेला गेल्या. मी गॅलरीच्या कठड्याला धरून, त्या गल्लीच्या वळणावर दिसेनाशा होईपर्यंत बघत होते. त्यांनी मागे पाहिलं नाही. कुलूपही काढलं नाही, आणि काढायला नकोच होतं.